उंच पर्वतावरील विरळ हवा आणि प्रवाशाचे आरोग्य

२४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी आपले डाकोटा विमान लेह येथील नव्या धावपट्टीवर उतरविले. जनरल थिमय्या त्यांच्यासमवेत होते. ही धावपट्टी लडाखचे अभियंते सोनम नोर्बू यांनी स्थानिक लोकांच्या साहाय्याने अल्पावधीत तयार केली होती. त्यापूर्वी श्रीनगराहून लेहला जाणारा व्यापारी किंवा यात्रेकरू पायी अगर तट्टावर बसून जात असे, आणि वाटेत त्याचे पंधरा-सोळा मुक्काम होत. आज दिल्लीहून सुटलेले विमान सव्वा-दीड तासात लेहला पोहोचते. दिल्ली समुद्रसपाटीपासून सुमारे २१५ मीटर उंचीवर आहे. लेहचा विमानतळ ३,२५६ मीटर उंचीवर आहे. म्हणजे न्याहारीच्या वेळी मैदानात असलेला माणूस दुपारच्या जेवणापूर्वी तीन किलोमीटर वर जाऊन पोहोचतो.

लेहच्या सरकारी रुग्णालयास याच सोनम नोर्बूंचे नाव देण्यात आले आहे. आणि दर उन्हाळ्यात नुकत्याच विमानातून उतरलेल्या प्रवाशांवर तेथे उंचीच्या आजारासाठी उपचार करावे लागतात. विमानाने पंधरा दिवस वाचविले हे खरे. परंतु वाटेवरच्या त्या पंधरा-सोळा रात्री निव्वळ वाया जात नव्हत्या. त्या अवधीत प्रवाशाचे शरीर विरळ हवेशी जुळवून घेत होते. हा अवधी नाहीसा झाला की काय घडते, आणि तो पुन्हा कसा मिळवावा, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

हवेचे वजन

आपण हवेच्या एका अथांग सागराच्या तळाशी राहतो. या सागराचे वजन आपल्यावर सतत पडत असते, पण जन्मापासूनची सवय असल्यामुळे ते जाणवत नाही. इटलीतील टॉरिचेली याने १६४३ साली पाऱ्याच्या नळीच्या साहाय्याने हा दाब दाखवून दिला. पुढे फ्रान्समधील पास्काल याने असा तर्क केला, की डोंगरावर चढल्यावर आपल्या माथ्यावरील हवेचा थर कमी होतो; तेव्हा तेथे पाराही खाली उतरला पाहिजे. त्याच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिये हा १९ सप्टेंबर १६४८ रोजी पारा व नळी घेऊन प्वी द दोम नावाच्या डोंगरावर चढला. माथ्यावर पारा सुमारे तीन इंच खाली आला. तर्क सिद्ध झाला.

समुद्रकाठी हवेचा दाब ७६० मिलिमीटर पाऱ्याच्या स्तंभाइतका असतो. लेह शहरात, म्हणजे सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. खार्दुंग ला ही खिंड ५,३५९ मीटर उंचीवर आहे. तेथे तो ४०० च्या जवळपास, म्हणजे समुद्रकाठच्या निम्म्याहून किंचित अधिक उरतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर १९८१ साली एका शास्त्रीय मोहिमेने प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा तो २५३ मिलिमीटर, म्हणजे अवघा एक तृतीयांश भरला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उंचावरील हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी असते, असे अनेक जण म्हणतात. वस्तुतः मुंबईच्या हवेत शंभर भागांत जसे सुमारे २१ भाग प्राणवायू असतो, तसेच ते लेहच्या हवेतही असतात. प्रमाण बदलत नाही. बदलतो तो दाब. समुद्रकाठी ७६० चा २१ टक्के, म्हणजे सुमारे १६० मिलिमीटर इतक्या दाबाने प्राणवायू श्वासाबरोबर आत शिरतो. लेहला ५०० चा २१ टक्के, म्हणजे केवळ १०५ मिलिमीटर इतकाच जोर त्याच्या मागे असतो. फुप्फुसातून रक्तात जाण्यासाठी प्राणवायूला हाच जोर लागतो. श्वास तेवढाच घेतला, छाती तेवढीच भरली, तरी रक्तात पोहोचणारा प्राणवायू उणा पडतो.

दाब कमी झाल्याच्या खुणा स्वयंपाकघरातही दिसतात. लेहला पाणी सुमारे ८८ अंश सेल्सिअसलाच उकळू लागते; म्हणून उघड्या भांड्यात डाळ कितीही वेळ रटरटली तरी नीट शिजत नाही, आणि प्रेशर कुकरवाचून चालत नाही. मैदानातून नेलेले वेफर्सचे बंद पुडके तेथे टम्म फुगते. पुडक्यातील हवा बदललेली नसते. बाहेरून तिला दाबून ठेवणारा जोर कमी झालेला असतो.

जुने अनुभव आणि शास्त्रीय उलगडा

हिमालयातील रहिवाशांना हा त्रास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गढवाल-कुमाऊँकडील पहाडी लोक त्यास ‘बिस’, म्हणजे विष म्हणत, आणि विशिष्ट फुलांच्या वासामुळे ते अंगात भिनते असे समजत. तिबेटी भाषेत त्यास ‘ला-दुग’ असे नाव आहे. ‘ला’ म्हणजे खिंड आणि ‘दुग’ म्हणजे विष. खिंडीत विष असते, हे कारण खरे नव्हे. पण निरीक्षण मात्र अचूक होते. त्रास होतो तो खिंडीत, आणि खाली उतरल्यावर तो जातो, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचे उंच पर्वत ओलांडताना स्वतःला झालेल्या त्रासाचे वर्णन होसे द अकोस्ता या स्पॅनिश धर्मोपदेशकाने १५९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. तेथील हवा इतकी सूक्ष्म आहे की ती माणसाच्या श्वासास मानवत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पारा आणि नळी यांचा शोध लागण्यापूर्वी अर्धशतक केलेले हे अनुमान सत्याच्या बरेच जवळ होते.

खरा उलगडा केला तो पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने. त्याने एक बंद पोलादी कोठी तयार करविली व पंपाच्या योगे तिच्यातील हवेचा दाब कमी करीत नेला. तो स्वतः त्या कोठीत बसे. दाब उतरला की त्याला मळमळू लागे, डोके जड होई, नाडी जलद चाले. आणि पिशवीतून प्राणवायू हुंगताच ही सारी लक्षणे मावळत. थंडी नव्हती, श्रम नव्हते, फुलांचा वासही नव्हता. तरी आजार होता. तेव्हा त्याचे कारण प्राणवायूचा अपुरा दाब हेच होय, हे सिद्ध झाले. बेरचा ग्रंथ १८७८ साली प्रसिद्ध झाला.

त्याच सुमारास घडलेली एक दुर्घटना या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. १५ एप्रिल १८७५ रोजी ‘झेनिथ’ नावाच्या फुग्यातून सीव्हेल, क्रोसे-स्पिनेली व तिसांदिये हे तिघे फ्रेंच गृहस्थ आकाशात आठ हजार मीटरांच्या वर गेले. प्राणवायूच्या पिशव्या त्यांच्या हाताशीच होत्या. तथापि त्या वापरण्याची वेळ आली आहे हे कळण्यापूर्वीच त्यांची शक्ती व शुद्ध हरपली. फुगा खाली आला तेव्हा तिसांदिये एकटाच जिवंत होता. प्राणवायू कमी पडला की प्रथम मंदावते ती विवेकबुद्धी. रोगी स्वतः मात्र ‘मला काही झालेले नाही’ असेच म्हणत राहतो. यापुढील विवेचनात या गोष्टीचा पुन्हा उल्लेख येईल.

शरीर कसे जुळवून घेते

विरळ हवेत गेल्यावर शरीर स्वस्थ बसत नाही. काही मिनिटांतच श्वास जलद व खोल होऊ लागतो, आणि हृदय वेगाने ठोके देऊ लागते. परंतु जलद श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड वायू प्रमाणाबाहेर बाहेर पडतो. त्यामुळे रक्ताचा अल्कधर्म वाढतो, आणि मेंदूतील श्वसनकेंद्र लगाम खेचल्याप्रमाणे श्वास पुन्हा मंद करू पाहते. हा पेच मूत्रपिंडे सोडवितात. रक्तातील जादा अल्क ती लघवीवाटे हळूहळू बाहेर टाकतात, तसा हा लगाम सैल होतो आणि श्वास खोल घेता येतो. या कामाला दोन-चार दिवस लागतात. ते एका रात्रीत उरकत नाही.

दुसरीकडे, प्राणवायू वाहून नेणाऱ्या रक्तातील तांबड्या पेशींची वाढ करण्याचा संदेश मूत्रपिंडांतून काही तासांतच निघतो. पण नव्या पेशी पुरेशा तयार होण्यास काही आठवडे जातात. पेशींना प्राणवायूची उणीव कशी कळते, याचा शोध लावल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा या शास्त्रज्ञांना २०१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पहिल्या काही रात्री झोपेत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. झोपलेल्या माणसाचा श्वास काही सेकंद थांबतो, मग चार-सहा खोल श्वास येतात, पुन्हा थांबतो. शेजारी निजलेला मनुष्य हे पाहून घाबरतो. वर सांगितलेल्या पेचाचाच हा एक प्रकार असून एरव्ही तो धोक्याचा नसतो. मात्र झोपेत रक्तातील प्राणवायू दिवसापेक्षा कमी होतो, हे खरे आहे. म्हणूनच प्रवाशाने दिवसा किती उंची गाठली यापेक्षा तो रात्री किती उंचीवर निजला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

आजाराची तीन रूपे

सुमारे २,५०० मीटरांच्या खाली हा आजार क्वचितच होतो. उटी, सिमला, दार्जिलिंग ही आपली परिचित थंड हवेची ठिकाणे या मर्यादेच्या आत आहेत, आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे तर केवळ १,६४६ मीटर उंच आहे. त्यामुळे आयुष्यभर गड-डोंगर चढलेल्या माणसासही या आजाराची ओळख नसते, आणि डोंगर चढण्याचा सराव आहे एवढ्यावर तो निर्धास्त राहतो.

पहिले रूप सौम्य आहे. नव्या उंचीवर पोहोचल्यानंतर साधारणतः सहा ते बारा तासांनी डोके दुखू लागते. त्याबरोबर अन्नावर वासना नसणे, मळमळ, थकवा, घेरी यांपैकी काही लक्षणे असतात. पहिले काही तास काहीच होत नाही, हीच त्यातील फसगत होय. विमानातून उतरलेला प्रवासी स्वच्छ ऊन व निळे आकाश पाहून उल्हसित होतो, दुपारीच भटकावयास निघतो, आणि रात्री डोके धरून बसतो. उंचावर डोके दुखू लागले तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच आजार समजावा. तेथेच थांबून विश्रांती घेतल्यास एक-दोन दिवसांत तो बहुधा बरा होतो.

दुसरे रूप फुप्फुसात पाणी भरण्याचे. प्राणवायू कमी पडला की फुप्फुसातील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. आतील दाब वाढतो व रक्तातील द्रव झिरपून वायुकोशांत साचू लागतो. हे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री घडते. आधी श्रमाच्या मानाने फार थकवा येतो, मग कोरडा खोकला, पुढे स्वस्थ बसले असताही धाप, निळसर ओठ आणि अखेर फेसाळ गुलाबी थुंकी. डोकेदुखी नसतानाही हा आजार होऊ शकतो. त्याला सर्दी-खोकला किंवा न्यूमोनिया समजून थांबून राहणे प्राणघातक ठरते.

तिसरे रूप मेंदूला सूज येण्याचे. मनुष्य दारू प्यालेल्याप्रमाणे झोकांड्या देतो, विसंगत बोलतो, चिडतो किंवा एकाएकी अबोल होतो, आणि उपचार न झाल्यास बेशुद्ध पडतो. ते ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. जमिनीवर सरळ रेषा कल्पून एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावीत दहा पावले चालावयास सांगावे. निरोगी मनुष्य हे सहज करतो. ज्याचा तोल जातो त्यास क्षणभरही एकटे सोडू नये. ‘झेनिथ’मधील प्रवाशांप्रमाणेच त्याला आपल्या स्थितीची जाणीव नसते, म्हणून निर्णय त्याच्यावर न सोपविता सोबत्यांनीच घ्यावा लागतो.

भारतीय सैनिकांपासून मिळालेले ज्ञान

या विषयातील ज्ञानात भारताने मोलाची भर घातली आहे, आणि तिच्यामागे कष्टाचा इतिहास आहे. १९६२ च्या युद्धाच्या सुमारास मैदानी प्रदेशातील हजारो सैनिकांना घाईघाईने हिमालयातील उंच ठाण्यांवर जावे लागले. ते तरुण होते, निवडक होते, काटक होते. तरीही त्यांपैकी कित्येक शत्रूच्या गोळीने नव्हे तर विरळ हवेने आजारी पडले. लष्करी वैद्यक अधिकारी इंदरसिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. फुप्फुसात पाणी भरण्याच्या विकारावरील त्यांचा निबंध १९६५ साली, आणि १,९२५ सैनिकांच्या निरीक्षणांवर आधारलेला दुसरा निबंध १९६९ साली प्रसिद्ध झाला. जगभरचे वैद्य आजही त्यांचा आधार घेतात.

त्यांवरून व तत्सम अभ्यासांवरून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. तारुण्य व शरीरसामर्थ्य हे या आजारापासून संरक्षण देत नाहीत. उलट बळकट मनुष्य अधिक वेगाने चढतो व अधिक श्रम करतो, म्हणून त्यास धोका संभवतो. दुसरे असे, की उंचावर महिनोन्‌महिने राहिलेला मनुष्यसुद्धा रजा घेऊन एक-दोन आठवडे मैदानात राहिला, तर परतल्यावर त्यास हा आजार होऊ शकतो. शरीराने कमावलेली सवय कायमची नसते.

या अनुभवातून सैन्याने एक क्रम ठरविला. २,७०० ते ३,६०० मीटरांच्या पट्ट्यात सहा दिवस, त्यावर ४,५०० मीटरांपर्यंत चार दिवस, आणि त्याहून वर आणखी चार दिवस. असे एकूण चौदा दिवस सैनिकांनी टप्प्याटप्प्याने घालवावयाचे. पहिले दोन दिवस केवळ विश्रांतीचे, नंतर क्रमाने चालणे व चढणे. श्रीनगर-लेह मार्गावरील जुन्या पंधरा-सोळा मुक्कामांशी या चौदा दिवसांची तुलना करून पाहावी. जे पूर्वी वाटेनेच आपसूक घडत असे, ते आता नियम करून घडवावे लागते.

आजार कसा टाळावा

प्रतिबंधाचे सर्व नियम एकाच तत्त्वातून निघतात : शरीराला वेळ द्यावा.

१. मैदानातून आल्यावर पहिली रात्र शक्य तर ३,००० मीटरांच्या खाली काढावी. त्यानंतर निजण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरांहून अधिक वर नेऊ नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच ठिकाणी थांबावे.

२. थेट लेहला विमानाने गेल्यास हा नियम पहिल्याच दिवशी मोडलेला असतो. तेव्हा त्याची भरपाई म्हणून निदान ४८ तास पूर्ण विश्रांती घ्यावी. जिने धावत चढणे, जड सामान उचलणे, दूरवर फिरणे हे सर्व वर्ज्य.

३. दिवसा वर जाऊन रात्री खाली येऊन निजणे हितावह असते. चढण सोसवते, मुक्काम सोसवत नाही.

४. दारू व झोपेच्या गोळ्या पहिल्या दिवसांत टाळाव्यात. त्या श्वास मंद करतात. पाणी नेहमीसारखे, तहान भागेल असे प्यावे. कोरड्या हवेत शरीरातील पाणी लवकर उडते म्हणून त्याची गरज आहे. परंतु घागरभर पाणी पिऊन उंचीचा आजार टळतो, ही समजूत चुकीची आहे.

५. लक्षणे असताना अधिक वर जाऊ नये. हा नियम निरपवाद आहे.

लडाखच्या प्रवासाला हे नियम लावून पाहू. श्रीनगराहून मोटारीने गेल्यास कारगिल येथे सुमारे २,७०० मीटरांवर रात्र काढता येते, आणि लेहला पोहोचेपर्यंत शरीराची थोडी तयारी झालेली असते. मनालीचा मार्ग कठीण आहे. मनाली सुमारे २,००० मीटरांवर आहे. तेथून निघून त्याच रात्री ४,३०० मीटरांच्या आसपास असलेल्या सरचूच्या तंबूंत निजणारा प्रवासी एका दिवसात २,३०० मीटर वर गेलेला असतो. त्याची रात्र सुखाची जाण्याचा संभव कमी. वाटेत ३,०८० मीटरांवरील केलाँग येथे एक-दोन रात्री थांबल्यास धोका बराच कमी होतो.

लेहहून पुढे दोन प्रसिद्ध सहली निघतात. नुब्रा खोऱ्यात जाताना ५,३५९ मीटरांची खार्दुंग ला खिंड ओलांडावी लागते, म्हणून लोक तिची धास्ती घेतात. पण खिंडीत थोडाच वेळ थांबून पलीकडे उतरले की दिस्कितचा मुक्काम ३,१४४ मीटरांवर, म्हणजे लेहहूनही खाली असतो. उलट पँगाँग सरोवराची वाट सुंदर व सोपी वाटते, पण सरोवराचा काठच ४,२०० मीटरांहून उंच आहे, आणि तेथील रात्र लेहच्या रात्रीहून ७०० मीटर वर काढावी लागते. म्हणून आधी लेह, मग नुब्रा, आणि निदान चार-पाच रात्रींनंतर पँगाँग, हा क्रम शहाणपणाचा होय.

तीर्थयात्रेचेही तसेच आहे. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरांवर आहे, आणि पायथ्याचे गौरीकुंड सुमारे २,००० मीटरांवर. पायी जाणारा एका दिवसात दीड हजार मीटर चढतो. हेलिकॉप्टरने जाणारा काही मिनिटांत. दर्शन घेऊन त्याच दिवशी उतरणाऱ्यास आजार गाठण्यापूर्वीच तो खाली येतो. वर मुक्काम करणाऱ्याने मात्र वरील लक्षणांची माहिती आधीच करून घ्यावी.

हृदयाचे व फुप्फुसांचे विकार, तीव्र रक्तक्षय, गर्भारपण आणि पूर्वी झालेला उंचीचा आजार, यांपैकी काही असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे अगत्याचे आहे. सिकलसेल हा रक्तदोष विदर्भ, छत्तीसगड, ओडिशा, गुजरात आदी प्रदेशांतील आदिवासी समाजांत विशेष आढळतो. प्राणवायू कमी पडताच त्यातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या तुंबवू शकतात. अशा रुग्णांनी उंच प्रदेशात जाण्याचा बेत वैद्यकीय सल्ल्यावाचून करूच नये.

औषधे आणि समजुती

ॲसेटाझोलामाइड हे औषध आजार टाळण्यास उपयोगी पडते. मूत्रपिंडांचे जे काम दोन-चार दिवसांत होते, तेच हे औषध लवकर घडवून आणते; म्हणून ते लक्षणे झाकत नसून शरीराच्या मूळ क्रियेलाच हातभार लावते. प्रौढांना बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. त्याने लघवी वाढते व बोटांना मुंग्या येतात. सल्फा औषधांची ज्यांस बाधा होते त्यांनी, तसेच मूत्रपिंडाच्या रुग्णांनी, ते डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नये. औषध घेतले म्हणून घाई करण्यास मोकळीक मिळाली, असे मात्र समजू नये.

आपल्याकडील पुष्कळ यात्रेकरू कापराची पुरचुंडी गळ्यात बांधतात व धाप लागली की हुंगतात. कापराच्या उग्र वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. पण रक्तातील प्राणवायू त्यामुळे वाढत नाही. मनाला दिलासा मिळत असेल तर हुंगण्यास हरकत नाही; परंतु कापूर पोटात गेल्यास विषारी असतो, मुलांना त्याने झटके येतात, म्हणून तो त्यांच्या हाती लागू देऊ नये. दुकानांत मिळणारे प्राणवायूचे छोटे डबे काही मिनिटांतच संपतात. त्यांनी क्षणिक आराम पडतो, आजार टळत नाही. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे यंत्र आता पुष्कळांच्या घरी असते. मैदानात ज्याचा आकडा ९७-९८ येतो, त्याचा लेहला पहिल्या दिवशी ९० च्या आसपास किंवा खालीही येऊ शकतो. निव्वळ आकड्याने घाबरू नये, आणि आकडा चांगला आहे म्हणून लक्षणांकडे दुर्लक्षही करू नये.

उतरणे हाच उपाय

दुसऱ्या व तिसऱ्या रूपाची शंका येताच रोग्याला खाली नेले पाहिजे. ‘सकाळपर्यंत पाहू’ हे वाक्य या आजारात अनेकांना भोवले आहे. तीनशे ते हजार मीटर उतरल्याने पुष्कळदा आश्चर्यकारक फरक पडतो. रोग्याला चालण्याचे श्रम देऊ नयेत. शक्य तर वाहनातून किंवा पाठीवर न्यावे, ऊब द्यावी, प्राणवायूचे मोठे सिलिंडर मिळाल्यास तो सतत द्यावा. उतरणे अशक्य असेल तेथे रोग्याला विशिष्ट बंद पिशवीत ठेवून पंपाने आतील हवेचा दाब वाढवितात. पॉल बेरच्या कोठीचीच ही उलटी आवृत्ती होय. डॉक्टरांजवळ या विकारांवर औषधेही आहेत. परंतु ही सर्व साधने उतरण्यास सवड मिळावी म्हणून आहेत. त्यांनी उतरणे टळत नाही.

सारांश, उंच पर्वत माणसाला मज्जाव करीत नाहीत. लडाखी व तिबेटी लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या संसार करीत आले आहेत, आणि मैदानातील मनुष्यही तेथे आनंदाने राहू शकतो. त्यासाठी प्रवासाच्या कार्यक्रमात दोन-तीन मोकळे दिवस आधीच राखून ठेवावे लागतात. सुट्टी आठच दिवसांची असेल तर पाहावयाची ठिकाणे कमी करावीत. विश्रांतीचे दिवस कमी करू नयेत. आणि सोबत्याची पावले अडखळू लागली, तर सरोवर न पाहता परत फिरण्याचे धैर्य दाखवावे. सरोवर पुढच्या वर्षीही तेथेच असते.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न व प्रयोग

१. पँगाँगच्या काठी हवेचा दाब सुमारे ४६० मिलिमीटर असतो असे धरल्यास तेथे प्राणवायूचा दाब किती असेल? समुद्रकाठच्या दाबाशी त्याची तुलना करा.

२. एखाद्या उंच घाटाच्या माथ्यावर प्लॅस्टिकची रिकामी बाटली घट्ट झाकण लावून बंद करा व पायथ्याशी आल्यावर तिचे निरीक्षण करा. तिचा आकार का बदलला ते लिहा.

३. खार्दुंग ला ही खिंड पँगाँगपेक्षा हजार मीटरांहून अधिक उंच असता, पँगाँगचा मुक्काम अधिक जपून करावा असे का म्हटले आहे?

४. तुमच्या गावाहून लेहला जाणाऱ्या पाच जणांच्या कुटुंबासाठी दहा दिवसांचा कार्यक्रम तयार करा. प्रत्येक दिवसापुढे त्या रात्रीच्या मुक्कामाची उंची लिहा, आणि वरील नियमांपैकी एखादा मोडला जातो काय ते तपासा.